वास्को काउंटी: जमीन, मतदारयादी आणि पाणी

रजनीशांचा ओरेगनमधला अध्याय मराठी माणसाला पुण्याच्या बाजूनं ठाऊक आहे. १९७४ पासून कोरेगाव पार्कात असलेला आश्रम, सासवडच्या बाजूला मोठी वसाहत उभारण्याचा फसलेला प्रयत्न, १९८१ मध्ये गुरूंचं अमेरिकेला जाणं, रोल्स रॉइस गाड्यांचा ताफा, अटक, आणि १९८७ च्या जानेवारीत पुण्यात परतणं. मधली चार वर्षं ज्या मुलखात घडली, त्या मुलखाकडे आपलं लक्ष फारसं जात नाही. तो मुलूख म्हणजे ओरेगन राज्यातली वास्को काउंटी. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग.

हे प्रकरण मला त्या काउंटीच्या बाजूनं मांडायचं आहे. प्रचंड पैसा आणि घट्ट संघटना घेऊन कुणी विरळ वस्तीच्या भागात उतरतं, तेव्हा तिथल्या छोट्या सरकारी कचेऱ्या काय करू शकतात आणि कुठे कमी पडतात, हे वास्कोमध्ये जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसत असेल. रजनीशांच्या आधी तिथे धरण आलं होतं, नंतर गूगल आलं. या तिन्ही घटना एकत्र पाहिल्याशिवाय मधली नीट कळत नाही, असं माझं मत आहे.

आधी मुलूख. १८५४ मध्ये वास्को काउंटी स्थापन झाली तेव्हा ती कॅस्केड पर्वतरांगेपासून रॉकी पर्वतापर्यंत पसरलेली होती. सुमारे ३ लाख ३७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या महाराष्ट्राहून मोठी. पुढे तिच्यातून ओरेगनच्या १७ काउंट्या निघाल्या, काही भाग आयडाहो, मोंटाना आणि वायोमिंगमध्ये गेला. आज उरली आहे ती सुमारे ६,२०० चौरस किलोमीटर, आणि २०२० च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २६,६७०. त्यातले १६ हजार एकट्या 'द डॅल्स' या मुख्य ठिकाणी राहतात. कोलंबिया नदीच्या काठावरचं हे गाव. ओरेगन ट्रेलनं बैलगाड्या हाकत आलेल्या वसाहतकऱ्यांचा जमिनीवरचा प्रवास एकेकाळी इथेच संपायचा आणि पुढे नदीतून तराफ्यावर जावं लागायचं.

कॅस्केड पर्वत समुद्राकडून येणारा पाऊस अडवतो. त्यामुळे काउंटीची पश्चिम कड हिरवी आहे आणि पूर्वेकडे जावं तसा मुलूख कोरडा होत जातो. द डॅल्सच्या आसपासच्या उतारांवर चेरीच्या बागा आहेत. तोडणीच्या हंगामात हजारो मजूर येतात, त्यांत बहुतांश मूळ मेक्सिकोचे, आणि त्यांतली कितीतरी कुटुंबं आता इथलीच झाली आहेत. दक्षिणेला डफरच्या आजूबाजूला पावसावरचा गहू. त्याखाली डेशूट्स नदीकाठचं मॉपिन, तिथे पर्यटक नौकानयनाला येतात. शॅनिको हे गाव १९०० मध्ये रेल्वे आल्यावर लोकरीची मोठी बाजारपेठ झालं आणि १९११ मध्ये डेशूट्सच्या दरीतून दुसरा रेल्वेमार्ग झाल्यावर झपाट्यानं ओसरलं. आता तिथे तीसेक माणसं राहतात. पश्चिमेकडच्या मोझियरमध्ये जून २०१६ मध्ये कच्च्या तेलाची मालगाडी रुळांवरून घसरून पेटली, शाळेपासून हाकेच्या अंतरावर. नैर्ऋत्येला वॉर्म स्प्रिंग्स हा आदिवासींचा राखीव प्रदेश आहे, त्याचा काही भाग या काउंटीत येतो. काउंटीला ज्यांचं नाव मिळालं ते वास्को लोक त्याच प्रदेशात राहतात.

द डॅल्सच्या वरच्या अंगाला, १८-२० किलोमीटरवर, सेलिलो नावाचा धबधबा होता. दहा हजारांहून अधिक वर्षं माणसं तिथे सामन मासे धरत होती. खडकांतून लाकडी फळ्या पुढे काढायच्या, त्यांवर उभं राहून लांब दांड्याच्या जाळ्यानं उसळते मासे झेलायचे. दूरदूरच्या जमाती व्यापाराला तिथे येत. १८५५ च्या करारानं आदिवासींनी आपली बहुतेक जमीन सोडली, पण नेहमीच्या जागी मासेमारी करण्याचा हक्क लेखी राखून ठेवला. १९५२ मध्ये द डॅल्स धरणाचं काम सुरू झालं. १० मार्च १९५७ रोजी दरवाजे बंद केले आणि काही तासांत धबधबा पाण्याखाली गेला. काठावर उभं राहून लोकांनी तो बुडताना पाहिला. चार जमातींना मिळून सुमारे २ कोटी ६८ लाख डॉलरची भरपाई दिली गेली. मासेमारीचा हक्क कागदावर तसाच राहिला, मासेमारीची जागा मात्र गेली.

या निर्णयात काउंटीला काही ठरवायचं नव्हतं. धरण देशाच्या राजधानीत, वॉशिंग्टनमध्ये मंजूर झालं, लष्कराच्या अभियंता दलानं बांधलं. सुमारे १,८०० मेगावॅटच्या या वीजकेंद्रामुळे स्वस्त वीज आली, विजेमागे १९५८ मध्ये अॅल्युमिनियमचा कारखाना आला, आणि द डॅल्सच्या दोन पिढ्यांनी त्यावर संसार केले. सेलिलो गावातल्या आदिवासी कुटुंबांना मात्र पडकी घरं आणि महामार्गाच्या कडेची चिंचोळी जागा मिळाली. त्यांच्या घरांची नीट बांधणी व्हायला एकविसावं शतक उजाडलं.

आता १९८१. त्या वेळी काउंटीत जेमतेम २२ हजार लोक होते. कारभार निवडून आलेल्या तिघांच्या मंडळाकडे होता. त्याला काउंटी कोर्ट म्हणत आणि अध्यक्षाला जज्ज, पण काम मुख्यतः प्रशासनाचं: रस्ते, कर, जमीनवापर, आरोग्य. मतदारयादी काउंटी क्लर्ककडे. क्लर्कही निवडून आलेली.

त्या उन्हाळ्यात रजनीशांच्या संघटनेनं बिग मडी रँच ही सुमारे ६४ हजार एकरांची जमीन ५७ लाख ५० हजार डॉलरना विकत घेतली. अति चराईनं उजाड झालेली ही जमीन वास्को आणि जेफरसन अशा दोन काउंट्यांत पसरलेली होती. द डॅल्सपासून ती शंभराहून जास्त किलोमीटर दक्षिणेला. सर्वांत जवळचं गाव अँटिलोप, तेही तीसएक किलोमीटरवर.

इथे ओरेगनचा एक कायदा समजून घ्यायला हवा, कारण पुढचा सगळा संघर्ष त्यातूनच पेटला. १९७३ मध्ये गव्हर्नर टॉम मॅकॉल यांच्या काळात राज्यानं जमीनवापराचा कडक कायदा केला. शेतजमीन शेतीसाठीच राहील, नागरी वस्ती ठरलेल्या सीमेच्या आतच होईल, हे त्याचं सूत्र. बिग मडीची जमीन शेतीसाठी राखीव होती. तिथे शेतीला लागतील तेवढ्याच माणसांची घरं बांधता येणार होती. छापखाना, कचेऱ्या, हजारोंची वसाहत यांतलं काहीच बसत नव्हतं. त्यावर आश्रमाच्या वकिलांनी शोधलेली वाट अशी: कायद्यानं १५० रहिवासी असले की नवं नगर स्थापन करण्याचा अर्ज करता येतो. नगर झालं की बांधकाम परवाने देणारे आपणच.

हा अर्ज काउंटी कोर्टापुढे आला आणि नोव्हेंबर १९८१ मध्ये दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. मे १९८२ मध्ये रहिवाशांच्या मतदानानं रजनीशपुरम हे नगर अस्तित्वात आलं. पुढच्या घटना पाहता या मंजुरीला घाईचा निर्णय म्हणण्याचा मोह होतो. पण मंडळासमोर रीतसर अर्ज होता, रहिवासी खरे होते आणि धर्मावरून परवानगी नाकारणं बेकायदा ठरलं असतं. माझा आक्षेप वेगळा आहे. एवढ्या मोठ्या वसाहतीला पाणी, रस्ते, शाळा कुठून पुरणार आणि राखीव शेतजमिनीचं काय, हे प्रश्न आधी विचारायला हवे होते. ते विचारले '१००० फ्रेंड्स ऑफ ओरेगन' या नागरी संस्थेनं, निर्णय झाल्यावर, न्यायालयात जाऊन. तो दावा वर्षानुवर्षं चालला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं अखेर १९८७ मध्ये नगराच्या बाजूनं कौल दिला. तोवर नगरात राहायला कुणी उरलं नव्हतं.

नगराच्या वैधतेवर सावट होतं तेव्हा आश्रमाला हाताशी तयार गाव हवं होतं. अँटिलोपमध्ये १९८० साली ३९ माणसं राहत होती. निवृत्त जोडपी, गुराखी कुटुंबं, एक दुकान, पोस्ट, चर्च आणि शाळा. संन्याशांनी तिथे घरं विकत घ्यायला सुरुवात केली. आपलं गाव ताब्यात जाणार हे दिसल्यावर जुन्या रहिवाशांनी नगरपालिकाच विसर्जित करायचं ठरवलं. एप्रिल १९८२ मध्ये त्यावर मतदान झालं. नव्यानं आलेल्या मतदारांमुळे तो ठराव ५५ विरुद्ध ४२ नं पडला. वर्षअखेरीस गावाचं मंडळ आश्रमाच्या हातात गेलं. कर वाढले, रस्त्यांची नावं बदलली, शाळेवर ताबा गेला आणि गावातली मुलं बसनं दुसऱ्या काउंटीतल्या मॅड्रसला जाऊ लागली. १९८४ मध्ये गावाचंच नाव 'रजनीश' झालं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. संन्याशांनी त्या उजाड जमिनीवर खरोखर मेहनत घेतली. ओढे अडवले, झाडं लावली, धरण बांधलं, भाजीपाला पिकवला, बससेवा चालवली. त्यांत शिकलेली, कष्टाळू, मनापासून काही वेगळं शोधणारी माणसं मोठ्या संख्येनं होती. आणि त्यांच्याविरुद्ध उठलेल्या आवाजात जमीनवापराच्या चिंतेबरोबर परक्या धर्माचा द्वेषही मिसळलेला होता. त्यांना ठार मारण्याची भाषा करणाऱ्या घोषणा ओरेगनमध्ये फिरत होत्या. जुलै १९८३ मध्ये पोर्टलंडमधल्या त्यांच्या हॉटेलात बॉम्बस्फोट झाला. त्यानंतर आश्रमातल्या बंदुका वाढत गेल्या. पण अँटिलोपच्या म्हाताऱ्यांनी कुणावर बॉम्ब टाकला नव्हता, आणि त्याची किंमत त्यांनी मोजावी याला काहीही समर्थन नाही.

ऑक्टोबर १९८३ मध्ये राज्याचे महाधिवक्ता डेव्ह फ्रोनमायर यांनी मत दिलं की रजनीशपुरम हे नगर अमेरिकी राज्यघटनेत बसत नाही: सगळी जमीन एका धार्मिक संघटनेची, आत कोण येणार हे तिच्या हातात, आणि नगराचा कारभारही तिचाच. धर्मसंस्था आणि शासन एक झालं, तर त्याला सरकारी पैसा देता येत नाही. हा युक्तिवाद संघीय न्यायालयात गेला. आता काउंटीचं मंडळच ताब्यात घेणं हा आश्रमातल्या वरच्या मंडळींना एकमेव मार्ग वाटू लागला. नोव्हेंबर १९८४ मध्ये तीनपैकी दोन जागांची निवडणूक होती.

बेत दुहेरी होता. एकीकडे मतदार वाढवायचे. त्यासाठी देशभरातल्या शहरांतून बेघर माणसं बसगाड्या भरून आणली गेली, काही हजार. बाहेर सांगितलं गेलं की हा दानधर्म आहे. मतदारनोंदणीसाठी तेव्हा ओरेगनमध्ये दीर्घ वास्तव्याची अट नव्हती, त्यामुळे हे सगळे वास्कोचे मतदार होऊ शकत होते. दुसरीकडे द डॅल्समधले मतदार आजारी पाडायचे.

२९ ऑगस्ट १९८४ रोजी जज्ज विल्यम हल्स आणि आयुक्त रेमंड मॅथ्यू पाहणीसाठी रँचवर गेले. त्यांना दिलेल्या पिण्याच्या पाण्यात साल्मोनेला जीवाणू मिसळलेले होते. दोघेही आजारी पडले, हल्स यांना रुग्णालयात ठेवावं लागलं. सप्टेंबरमध्ये द डॅल्सच्या हॉटेलांत जेवलेल्या लोकांना जुलाब, उलट्या, ताप सुरू झाले. १७ सप्टेंबरला आरोग्य विभागाकडे पहिली तक्रार आली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांपर्यंत दोन लाटांत ७५१ रुग्ण नोंदले गेले. ४५ जणांना रुग्णालयात भरती करावं लागलं. जेमतेम ११ हजार वस्तीच्या गावात! महामार्गावरून जाताना तिथे थांबलेले प्रवासीही त्यांत होते. सुदैवानं कुणी दगावलं नाही. सॅलडच्या मांडणीतून, कॉफीत घालायच्या दुधातून जीवाणू पसरवले गेले होते. दहा हॉटेलं बाधित झाली. त्यांतली काही पुन्हा उभी राहिली नाहीत.

गावकऱ्यांचा संशय लगेच आश्रमावर गेला. राज्याच्या आरोग्य खात्याचा निष्कर्ष मात्र वेगळा आला: अन्न हाताळणाऱ्या कामगारांची अस्वच्छता. वाढपी आणि स्वयंपाकी यांनी वर्षभर हा डाग सोसला. फेब्रुवारी १९८५ मध्ये अमेरिकी संसदेचे, म्हणजे काँग्रेसचे, सदस्य जेम्स वीव्हर यांनी सभागृहात हे मुद्दाम केलेलं कृत्य असल्याचं मांडलं, तेव्हा त्यांच्यावर धार्मिक द्वेषाचा आरोप झाला. आरोग्य खात्याला मी मूर्ख ठरवणार नाही. एवढ्या हॉटेलांना माल पुरवणारा एकच पुरवठादार सापडत नव्हता, आणि अन्नातून जाणूनबुजून साथ पसरवल्याचं असं उदाहरण अमेरिकेत त्यांच्यापुढे नव्हतं. त्यांचं एक काम पुढे निर्णायक ठरलं. रुग्णांकडून मिळालेल्या जीवाणूची नोंद नीट ठेवलेली होती. ऑक्टोबर १९८५ मध्ये तपास यंत्रणा आश्रमाच्या प्रयोगशाळेत शिरल्या तेव्हा तिथे साल्मोनेलाची कुपी मिळाली. वैद्यकीय साहित्याच्या विक्रेत्याकडून रीतसर विकत घेतलेला तो वाण रुग्णांच्या वाणाशी जुळला. कुणी अनुकरण करू नये म्हणून या साथीचा शास्त्रीय अहवाल १९९७ पर्यंत प्रसिद्धही केला गेला नाही.

आणि मतदारयादी? ऑक्टोबर १९८४ मध्ये क्लर्क स्यू प्रॉफिट यांनी सरसकट नवी नोंदणी थांबवली. प्रत्येक नव्या अर्जदारानं समक्ष सुनावणीला यायचं आणि इथेच राहण्याचा आपला इरादा आहे हे दाखवायचं. राज्याच्या सचिव नॉर्मा पॉलस यांनी या सुनावण्यांसाठी वकील उभे केले. संघीय न्यायालयानं हा निर्णय रोखायला नकार दिला. बेघर माणसांचा बेत तिथेच मोडला. आश्रमानं मतदानाकडे जवळपास पाठ फिरवली, आणि आणलेल्या माणसांपैकी बहुतेकांना जवळच्या गावांत सोडून दिलं. त्यांच्या परतीच्या तिकिटांचा भार धर्मादाय संस्थांवर पडला.

या निर्णयानं मी आजही अस्वस्थ होतो. मत देण्यापूर्वी नागरिकाला आपला इरादा सिद्ध करायला लावणं ही लहान गोष्ट नाही, आणि बेघर माणसाचा मताधिकार तितकाच खरा असतो. तरीही मी तो योग्य मानतो. नियम एका गटापुरता नव्हता, काउंटीतल्या प्रत्येक नव्या अर्जदाराला लागू होता. सुनावणी उघड होती आणि न्यायालयात तपासली गेली. सत्तेचा हिशेब कुणालाही मागता येत होता. रँचवर नेमकं तेच शक्य नव्हतं. १९८६ मध्ये ओरेगनच्या मतदारांनी निवडणुकीच्या २० दिवस आधी नोंदणी बंद करण्याची तरतूद स्वीकारली.

नंतरचा भाग बहुतेकांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. जानेवारी १९८५ मध्ये काउंटीच्या नियोजन कचेरीला आग लावण्यात आली. जमीनवापराच्या फायली तिथेच होत्या. सप्टेंबरमध्ये रजनीशांच्या सचिव आणि आश्रमाच्या कारभारी मा आनंद शीला युरोपला निघून गेल्या आणि रजनीशांनी सगळा दोष जाहीरपणे त्यांच्यावर ठेवला. ऑक्टोबरअखेर नॉर्थ कॅरोलायनात रजनीशांना अटक झाली. नोव्हेंबरमध्ये स्थलांतर कायद्याच्या उल्लंघनाची तडजोड करून, ४ लाख डॉलर दंड भरून ते अमेरिकेतून गेले. शीला यांना १९८६ मध्ये शिक्षा झाली. त्यांनी प्रत्यक्षात २९ महिने तुरुंगात काढले. अँटिलोपनं नोव्हेंबर १९८५ मध्येच मतदानानं आपलं जुनं नाव परत घेतलं. २०२० मध्ये तिथे ३७ जण राहत होते. रँचवर आता तरुणांसाठी ख्रिस्ती शिबिरं भरतात.

द डॅल्सचा अॅल्युमिनियम कारखाना २००० च्या सुमारास बंद पडला. त्याच सुमारास गाव आणि काउंटीनं मिळून फायबर केबलचं जाळं टाकलं होतं. स्वस्त वीज, नदी आणि केबल पाहून गूगलनं इथे पहिलं मोठं डेटा सेंटर उभारलं. २००६ मध्ये ते सुरू झालं. सुरुवातीचे व्यवहार दुसऱ्याच कंपनीच्या नावानं, गोपनीयतेच्या अटीवर झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये नगर परिषदेनं आणखी केंद्रांसाठी पाण्याचा करार मंजूर केला: गूगल पाणीव्यवस्थेवर २ कोटी ८५ लाख डॉलर खर्च करणार आणि जुन्या कारखान्याच्या जमिनीचे भूजलहक्क गावाला देणार. करार गावाच्या फायद्याचा दिसत होता. पण गूगल आज किती पाणी वापरतं, हे विचारणाऱ्या 'द ओरेगोनियन' वृत्तपत्राला गावानं नकार दिला. तो आकडा व्यापारी गुपित आहे असं म्हणत गाव न्यायालयात गेलं. ज्या काउंटीनं १९८४ मध्ये उघड सुनावणीच्या बळावर स्वतःला वाचवलं, तिचंच मुख्य गाव आपल्याच पाण्याचा हिशेब झाकायला वकील लावतं, याचं मला फार वाईट वाटलं.

डिसेंबर २०२२ मध्ये गावानं माघार घेतली आणि आकडे जाहीर केले. पाच वर्षांत गूगलचा वापर जवळजवळ तिप्पट झाला होता. २०२१ मध्ये तो सुमारे १३४ कोटी लिटर होता, म्हणजे दिवसाला सरासरी ३७ लाख लिटर, गावाच्या एकूण वापराच्या चौथ्या हिश्शाहून जास्त. गूगलचं म्हणणं असं की करारामुळे गावाची एकूण क्षमता वाढेल. तसं होईलही. पण उन्हाळे तापत आहेत, भूजलावर राज्याचे निर्बंध आहेत, आणि माउंट हूडच्या जंगलातून येणारं पाणी बर्फावर अवलंबून आहे. नवी केंद्रं पूर्ण चालू झाल्यावर चेरीबागांना आणि घरांना किती उरेल, हे विचारायला परिषदेच्या बैठकीत आता लोक ते आकडे हातात घेऊन उभे राहू शकतात.